हॅमट्रॅमिकचे गोरे कोण?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या पोटात हॅमट्रॅमिक नावाचं एक चिमुकलं शहर आहे. पोटात म्हणजे अक्षरशः पोटात. जवळजवळ चारही बाजूंनी डेट्रॉइट, आणि मधे स्वतःचा महापौर, स्वतःची नगरसभा, स्वतःचे पोलीस असलेलं हे साडेपाच चौरस किलोमीटरचं गाव. २०२०च्या खानेसुमारीत इथली लोकसंख्या २८,४३३ भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एखादी नगरपरिषद मिळते, आणि ती वर्तमानपत्रात फक्त पाणीटंचाईच्या दिवसांत दिसते. हॅमट्रॅमिक मात्र गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या बातम्यांत येऊन-जाऊन आहे.

आता आधी आकडे बघा. २०१०च्या खानेसुमारीप्रमाणे शहरात गोरे ५३.६ टक्के, आशियाई २१.५ टक्के, कृष्णवर्णीय १९.३ टक्के, एकाहून अधिक वंश सांगणारे साधारण पावणेपाच टक्के. हिस्पॅनिक दीड टक्का, पण त्यांची मोजणी वेगळी होते, ते पुढे सांगतो.

हा तक्ता नुसता वाचला तर डोळ्यांसमोर काय येतं? निम्मं गाव गोरं, बाकीचं मिश्र. अमेरिकेत अशी शेकडो गावं असतील. पण त्याच गावातल्या कॉनंट स्ट्रीटवर एखाद्या शुक्रवारी दुपारी जाऊन उभे राहा. दुकानांच्या पाट्या बंगालीत. काचेआड मिठाईचे ट्रे, शेजारी साड्या आणि पंजाबी ड्रेस, पलीकडे किराणा दुकान आणि त्याच्या फ्रीझरमध्ये लाकडाच्या ओंडक्यासारखे कडक झालेले हिलसा आणि रोहू. आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहणारी मंडळी मासे आणायला अर्धा तास गाडी हाकत इथे येतो. नमाज सुटली की फुटपाथ माणसांनी भरून जातो. दुसऱ्या मोठ्या रस्त्यावर, जोसेफ कँपो अव्हेन्यूवर, येमेनी हॉटेलांतून तव्याएवढ्या भाकऱ्यांचा वास येतो, आणि त्याच रस्त्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांचा पुतळाही उभा आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मनात आलं होतं, निम्म्याहून जास्त गोरे म्हणतात ते आहेत कुठे?

ते समोरच होते. मला भाकरी बांधून देणारा येमेनी दुकानदार त्यांतलाच एक.

ही गंमत समजून घ्यायची तर अमेरिकेचा खानेसुमारीचा फॉर्म समजून घ्यावा लागतो. आपल्या जनगणनेत धर्म विचारतात, मातृभाषा विचारतात, अनुसूचित जाती-जमाती विचारतात. तिथे धर्म विचारतच नाहीत. धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही असा १९७६चा कायदाच आहे. तिथे विचारतात वंश. तोही दोन प्रश्नांत. पहिला प्रश्न: तुम्ही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुलखांतल्या मुळांचे, आहात का? हो किंवा नाही. मग दुसरा प्रश्न: तुमचा वंश कोणता? गोरे, कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकन, आशियाई, पॅसिफिक बेटांवरचे, किंवा 'अन्य'. म्हणजे हिस्पॅनिक हा त्यांच्या लेखी वंश नाही. हिस्पॅनिक माणूस गोराही असू शकतो आणि कृष्णवर्णीयही. म्हणून तो दीड टक्का बाकीच्या आकड्यांत मिसळलेला असतो, वरून मिळवायचा नसतो. ही चूक पत्रकारसुद्धा करतात.

आता 'गोरे' म्हणजे कोण? १९७७ साली अमेरिकी सरकारने सगळ्या खात्यांसाठी एक व्याख्या ठरवून दिली. त्या व्याख्येत गोरा म्हणजे ज्याची मुळं युरोप, मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेत आहेत तो. आशियाई म्हणजे अतिपूर्व, आग्नेय आशिया आणि भारतीय उपखंडातला. कातडीचा रंग यात कुठेही नाही. हा नकाशा आहे, पूर्वजांच्या मुलखाचा. आणि नकाशावर रेघ मारली की ती कुठून तरी जाणारच. त्यामुळे येमेनमधल्या एडनचा माणूस गोरा आणि कराचीचा आशियाई. दोघं एकाच समुद्राच्या काठचे, दोघांच्या घरी मासे-भात, पण फॉर्मवर एक पोलंडच्या आजीबाईंच्या रकान्यात आणि दुसरा जपान्याच्या.

या रेघा देवाने आखलेल्या नाहीत, त्या कोर्टात आणि कचेऱ्यांत आखल्या गेल्या, आणि वेळोवेळी पुसून परत आखल्या गेल्या. पूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायला परदेशी माणूस 'गोरा' असावा लागे (१८७०पासून आफ्रिकी वंशाचेही चालत). म्हणून कोण गोरा हे ठरवायला लोक कोर्टात जात. १९१५मध्ये एका सीरियन ख्रिस्ती माणसाला कोर्टाने गोरा ठरवलं. १९२३मध्ये भगतसिंग थिंड या शीख माजी सैनिकाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणत नाही, सबब नागरिकत्व नाही. आणि १९४२मध्ये अहमद हसन नावाच्या एका येमेनी माणसाचा अर्ज कोर्टाने फेटाळला: अरब गोरे नव्हेत, त्यांची संस्कृती युरोपच्या ख्रिस्ती लोकांपासून फार लांबची. हे कोर्ट कुठलं? डेट्रॉइटचं. हॅमट्रॅमिकपासून दहा-पंधरा मिनिटांवरचं. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कोर्टाने दुसऱ्या एका अरबाला गोरा ठरवून नागरिकत्व दिलं. १९५२मध्ये वंशाची अट कायद्यातूनच गेली, पण अरब गोऱ्यांच्या रकान्यात राहिले ते राहिलेच. ज्या शिक्क्यासाठी आजोबा कोर्टाची पायरी चढले, तो नातवंडांना आता नकोसा झालाय.

आपली कथा याहून मजेशीर आहे. १९३० आणि १९४०च्या अमेरिकी खानेसुमारीत वंशांच्या यादीत चक्क 'हिंदू' होता, आणि त्यात हिंदुस्थानातून आलेले शीख, मुसलमान सगळे कोंबले जात. १९७०मध्ये भारतीयांची गणती गोऱ्यांत झाली. तोवर नागरी हक्कांचे कायदे आले होते, अल्पसंख्याकांसाठी योजना आल्या होत्या, आणि मोजदाद नसेल तर त्यांत वाटा नाही हे इथल्या भारतीय संघटनांच्या लक्षात आलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९८०च्या फॉर्मवर 'एशियन इंडियन' हा चौकोन आला. म्हणजे १९६८ साली पुण्याहून डेट्रॉइटच्या मोटार कंपनीत नोकरीला आलेला एखादा इंजिनिअर १९७०ला गोरा होता आणि १९८०ला आशियाई झाला. माणूस तोच, घरही कदाचित तेच, डब्यातली पोळीभाजीही तीच. त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

बरं, हॅमट्रॅमिकमध्ये ही सगळी माणसं जमली कशी? मुळात ही फ्रेंच आणि मग जर्मन शेतकऱ्यांची वस्ती, नाव एका फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या लष्करी अधिकाऱ्याचं. १९१०मध्ये लोकसंख्या होती ३,५५९. त्याच सुमारास जॉन आणि होरेस या डॉज बंधूंनी इथे मोटारींचा कारखाना उभारायला घेतला. हाताला काम हवं असलेले पोलिश लोक झुंडीने आले, आणि १९२०ला लोकसंख्या झाली ४८,६१५. दहा वर्षांत तेरा-चौदा पट! आपल्याकडे गिरणगाव उभं राहिलं तसंच काहीसं: भोंगा वाजला की चाळी रिकाम्या. फक्त इथे चाळींऐवजी लाकडी घरं, एकाला एक इतकी खेटून की शेजारच्या खिडकीतली फोडणी तुमच्या घरात शिंकवते. १९३०मध्ये ५६,२६८ माणसं इथे राहत होती. आज निम्मी आहेत, तरीही मिशिगन राज्यातलं हे सर्वांत दाटीचं शहर.

पोलिश लोकांनी गाव आपलंसं केलं. चर्च, बेकऱ्या, सॉसेजची दुकानं, पोलिश भाषेतल्या शाळा. १९६९मध्ये पोलंडमधल्या क्राकोवचे कार्डिनल असताना वोयटिवा इथे येऊन गेले आणि १९८७मध्ये पोप जॉन पॉल दुसरे होऊन परत आले. गावात आजही 'पॉंच्की डे'ला बेकऱ्यांपुढे पहाटेपासून रांगा लागतात. पॉंच्की म्हणजे आत मुरांबा भरलेला, तळलेला, साखरेत घोळवलेला गोळा. ख्रिस्ती उपासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरातलं तूप-साखर-अंडी संपवून टाकायची, हा त्यामागचा हिशेब. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. श्रावणाच्या आदल्या दिवशी आपण जे करतो ते हेच, फक्त यांचं गोड असतं आणि आपलं रस्सेदार.

पुढे कारखाने विरळ झाले, पोलिश कुटुंबांची पोरं शिकून उपनगरांत गेली. १९८०च्या जानेवारीत डॉजचा कारखाना बंद पडला आणि १९९०मध्ये लोकसंख्या १८,३७२वर आली. रिकामी घरं, पडलेली भाडी. स्वस्त घर ही नव्या माणसासाठी सगळ्यांत मोठी जाहिरात असते. येमेनी कामगार डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत आधीपासून होतेच, त्यांची कुटुंबं इथे वाढली. युगोस्लाव्हियाच्या युद्धातून बोस्नियाचे लोक आले. आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका खोलीचं भाडं देऊन मेटाकुटीला आलेले बांगलादेशी, त्यांतले बरेचसे सिल्हेटचे, इथे मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत काम मिळतं आणि चक्क आख्खं घर परवडतं हे ऐकून येऊ लागले. एक आला की भाऊ येतो, मग मेहुणा, मग गाव. मुंबईत कोकणातली माणसं आली तीही अशीच. २००८मध्ये कॉनंटच्या एका तुकड्याला 'बांगलादेश अव्हेन्यू' असं मानाचं नाव मिळालं.

आता या माणसांना चौकोनांत बसवून बघा. पोलिश कॅथलिक: गोरे. बोस्नियन मुसलमान: गोरे. येमेनी मुसलमान: गोरे. बांगलादेशी मुसलमान: आशियाई, आणि तेही फॉर्मवर त्यांचा स्वतःचा चौकोन नाही म्हणून 'अन्य आशियाई'वर खूण करून पुढे नाव लिहायचं. २०००च्या खानेसुमारीत प्रथमच एकाहून अधिक वंशांवर खूण करायची मुभा मिळाली. तेव्हा देशभरात जेमतेम अडीच टक्के लोकांनी तसं केलं, आणि हॅमट्रॅमिकमध्ये जवळजवळ बारा टक्क्यांनी! या गावात आंतरवंशीय लग्नांची लाट आली होती, असं मला तरी वाटत नाही. नवख्या माणसाला आपला चौकोन सापडला नाही की तो दोन-तीन ठिकाणी खुणा करतो; रेशनकार्डाच्या फॉर्मवर आपणही करतोच की.

या सगळ्या पोलिश-येमेनी-बंगाली रंगतीत एक समाज हमखास बाजूला पडतो, कृष्णवर्णीयांचा. ते कुणाच्या मागून आलेले नाहीत, पहिल्यापासून इथे आहेत. १९६८मध्ये डॉजच्या कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांनी व्यवस्थापन आणि युनियन दोघांच्याही विरोधात स्वतःची संघटना काढली होती. त्याच काळात शहराने 'नगर सुधारणे'च्या नावाखाली ज्या वस्त्या पाडल्या त्या नेमक्या यांच्या. रहिवासी कोर्टात गेले. १९७१मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला, की ही सुधारणा नसून कृष्णवर्णीयांना शहराबाहेर काढण्याचा प्रकार आहे, आणि शहराने त्यांना घरं बांधून द्यावीत. घरं पूर्ण व्हायला चाळीसेक वर्षं लागली. तोवर दावा लावणाऱ्यांतले कित्येक गेले होते, आणि घरांच्या याद्या मुलानातवंडांच्या नावांवर फिरत होत्या. आज 'जगातलं सर्वांत मिश्र छोटं शहर' म्हणून गावाचं कौतुक होतं तेव्हा ही पानं सहसा उलटली जात नाहीत.

कुणी म्हणेल, चौकोन कुठलाही असो, माणसाला काय फरक पडतो? पडतो. मतपत्रिकेचंच घ्या. अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्यात १९७५मध्ये एक भर घातली गेली: एखाद्या ठिकाणी इंग्रजी नीट न येणाऱ्या नागरिकांची संख्या ठरावीक मर्यादेपुढे गेली, तर त्यांच्या भाषेत निवडणुकीचे कागद द्यावेच लागतात. पण कुठल्या भाषक गटांसाठी? कायद्याने नावं घेतली ती स्पॅनिश मुळांचे, आशियाई, मूळ अमेरिकन आणि अलास्काचे मूळ रहिवासी यांची. २०११मध्ये खानेसुमारी खात्याच्या हिशेबात हॅमट्रॅमिकचे बांगलादेशी त्या मर्यादेपुढे गेले आणि शहराला बंगालीत मतपत्रिका छापणं भाग पडलं. अरबीचं काय? येमेनी गोऱ्यांत, यादीत त्यांचा गट नाही, म्हणून अरबीची सक्ती नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्या, इंग्रजी सारखीच अडखळत बोलणाऱ्या दोन आजीबाई. एकीला तिच्या लिपीत मतपत्रिका मिळणं हा कायद्याने हक्क, दुसरीला ते शहराच्या मर्जीवर.

आणि ज्यांना फॉर्म गोरे म्हणतो त्यांना रस्त्यावर कुणी गोरे म्हणत नाही, हेही याच गावात लेखी नोंदलं गेलंय. १९९९च्या निवडणुकीत काही स्वयंघोषित पहारेकरी मतदान केंद्रांवर उभे राहिले आणि अरबासारख्या दिसणाऱ्या, सावळ्या, परक्या नावाच्या मतदारांच्या नागरिकत्वावर हरकत घेऊ लागले. त्यांना मत देण्याआधी शपथ घ्यायला लावली गेली. गोऱ्या कातडीच्या मतदारांना नाही. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने शहरावर दावा लावला आणि शहराला समझोता करावा लागला. पाच वर्षांनी, २००४मध्ये, एका बांगलादेशी मशिदीने भोंग्यावरून अजान देण्याची परवानगी मागितली. चर्चच्या घंटा वाजतात तर अजान का नको, हा त्यांचा मुद्दा. नगरसभेने परवानगी दिली, विरोधकांनी सार्वमत घ्यायला लावलं, आणि मतदारांनी थोड्या फरकाने परवानगी कायम ठेवली. जगभरचे कॅमेरे येऊन गेले. गावातले लोक मात्र तेव्हाही पार्किंगवरून जास्त भांडत असावेत, असा माझा अंदाज आहे.

२०१५मध्ये सहाजणांच्या नगरसभेत मुसलमान सदस्यांचं बहुमत झालं, देशात पहिल्यांदा असं तेव्हा छापून आलं. २०२१च्या निवडणुकीनंतर सगळे सहा सदस्य आणि महापौर मुसलमान झाले. १९२२मध्ये शहर झाल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं महापौर पोलिश वंशाचेच होते. शेवटच्या कॅरेन मायेव्हस्की. त्यांना हरवून येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब आले. केवढा बदल, नाही? पण खानेसुमारीच्या तक्त्यात हा बदल शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तिच्या भाषेत गोऱ्या महापौरांच्या जागी गोरे महापौर आले, इतकंच. धर्म तर ती विचारतच नाही, त्यामुळे 'मुस्लिमबहुल शहर' हा जो शब्द बातम्यांत सर्रास येतो तो सरकारी मोजणीवर नाही, अंदाजांवर उभा आहे. शिवाय त्या सहा सदस्यांपैकी एक बाई पोलिश वंशाच्या, इस्लाम स्वीकारलेल्या. त्यांना कुठल्या गोष्टीत घालायचं? 'पोलिश गेले, मुसलमान आले' या गोष्टीत त्या दोन्हीकडे आहेत.

वंश-धर्माच्या टक्केवारीवरून राजकारणाचं भाकीत करणाऱ्यांचीही या गावाने फजिती केली. ज्या उदारमतवाद्यांनी अजानीच्या वेळी मुसलमानांची बाजू घेतली, त्यांतल्या कित्येकांना २०२३मध्ये धक्का बसला, कारण नगरसभेने एकमताने ठराव करून सरकारी इमारतींवर समलिंगी समाजाचा झेंडा लावायला बंदी घातली. २०२४च्या निवडणुकीआधी महापौर गालिब यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना उघड पाठिंबा दिला.

आता नवी गोष्ट. मार्च २०२४मध्ये अमेरिकी सरकारने १९७७पासूनची ती व्याख्या बदलली. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा चौकोन ठरला आणि हिस्पॅनिक-वंश हे दोन प्रश्न मिळून एकच करायचं ठरलं. २०३०ची खानेसुमारी याच पद्धतीने व्हावी असा तो निर्णय आहे. तसं झालं तर हॅमट्रॅमिकमधला 'गोरे' हा आकडा धाडकन खाली येईल. कुणी घर विकलेलं नसेल, कुणी गाव सोडलेलं नसेल. जोसेफ कँपोवरचा माझा भाकरीवाला त्याच भट्टीपाशी उभा असेल, आणि कुठल्या तरी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापून येईल, की गोरे लोक हॅमट्रॅमिक सोडून चालले.